एका बाटलीमुळे १९ जण दगावले आणि प्लेगची लस शोधणारे हाफकिन आरोपी ठरले

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबमधलं मुल्कोवाल गाव. प्लेगची लस घेण्यासाठी १०७ जण आले होते. काही दिवसांतच त्यातल्या १९ जणांचे जबडे आवळले, अंग ताठ झालं आणि एकेक करत सगळे गेले. त्यांचा जीव प्लेगने घेतला नव्हता, धनुर्वाताने घेतला होता.

या १९ जणांना ५३-एन या एकाच बाटलीतून लस दिली होती. इतर बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही. लस मुंबईच्या परळमधल्या लॅबची होती. साहजिकच बोट गेलं लॅबचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांच्याकडे.

हाफकिन मूळचे ओडेसाचे, ज्यू कुटुंबातले. जन्म १८६० चा. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलराची लस शोधली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी काम सुरू केलं. १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वतःहून पुढे आले.

मुल्कोवालनंतर चौकशी आयोग बसला. हाफकिन यांनी लस तयार करताना कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता. त्यामुळे लॅबमध्येच घाण शिरली असणार, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांचं पद गेलं आणि १९०४ मध्ये त्यांना भारत सोडावा लागला.

पण अशा मृत्यूंमध्ये प्रश्न दोन असतात. माणूस कशाने गेला? आणि ते त्याच्या शरीरात कधी, कुठून शिरलं? आयोगाकडे पहिल्याचं उत्तर होतं, दुसऱ्याचं उत्तर मात्र घाईत दिलं गेलं.

धनुर्वाताचे जंतू बाटलीत कित्येक आठवडे वाढले असते तर तिला घाण वास आला असता. उघडताना तसा वास आला नव्हता. शिवाय साठलेल्या विषाने लोक लवकर आजारी पडले असते, इथे मात्र साधारण आठवडा गेला. म्हणजे जंतू बाटली उघडतानाच शिरले असणार. चौकशीच्या कागदपत्रांत त्याचा धागाही होता. त्या दिवशी मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बाटलीचं बूच काढलं गेलं.

मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ १९०७ मध्ये जाहीरपणे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी ते निर्दोष ठरले आणि भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची लॅब त्यांना परत मिळाली नाही.

१९२५ मध्ये त्याच लॅबला त्यांचं नाव दिलं गेलं, हाफकिन इन्स्टिट्यूट. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० ला, स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये त्यांचं निधन झालं.