रोमचे परके महापौर : एर्नेस्तो नाथन

मॅझिनीचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. सावरकरांनी लंडनमध्ये मराठीत उतरवलेले त्याचे आत्मचरित्र १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे इंग्रज सरकारने ते जप्त केले. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात, लहानपणी मॅझिनीला आपल्या घरात वावरताना पाहिलेला एक मनुष्य रोमचा महापौर झाला. एर्नेस्तो नाथन हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८४५ रोजी लंडनमध्ये, एका ज्यू कुटुंबात झाला. वडील जर्मनीकडून आलेले, शेअर बाजारात व्यवहार करणारे. आई सारा ही इटलीतील पेसारो गावची. भावंडे बारा. देशोधडीला लागलेला मॅझिनी त्या काळी लंडनला राहात असे आणि नाथनांच्या घराचा त्याला मोठा आधार होता. एर्नेस्तो चौदा वर्षांचे असताना वडील वारले. एवढा संसार अंगावर असताना सारा मुलांना घेऊन इटलीत आली आणि मॅझिनीच्या कार्याला तिने पैशाची व जिवाची पर्वा न करता साथ दिली. १८७२ साली पिसा येथे मॅझिनीने प्राण सोडला, तोही एर्नेस्तोंच्या बहिणीच्या घरी. पुढच्याच वर्षी सारेने रोमच्या त्रास्तेवेरे या गरीब वस्तीत मुलींसाठी शाळा काढली. मला वाटते, मुलाच्या पुढच्या सगळ्या कारभाराचे मूळ या शाळेत आहे.

रोम म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. १८७० पर्यंत त्या शहरावर पोपचे राज्य होते आणि ज्यू लोकांना नदीकाठच्या कोंदट वस्तीत राहावे लागे. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने पोर्ता पिया या वेशीपाशी तट फोडून शहर घेतले. पोप रागाने व्हॅटिकनमध्ये जाऊन बसले. त्यानंतरचे महापौर बहुधा जुन्या सरदार घराण्यांतले, जमीनजुमला असलेले. अशा शहराच्या गादीवर लंडनमध्ये जन्मलेला, इंग्रजी वळणाचे इटालियन बोलणारा, १८८८ साली नागरिकत्व मिळालेला ज्यू माणूस बसतो, आणि शिवाय तो फ्रीमेसन मंडळाचा माजी प्रमुख असतो! धर्मनिष्ठांना हा घाव वाटला असल्यास नवल नाही. त्या वेळी महापौराची निवड नगरसभेतील सभासद करीत. उदारमतवादी, प्रजासत्ताकवादी आणि समाजवादी अशा पक्षांच्या आघाडीने त्यांना निवडून दिले.

त्यांच्या काटकसरीची एक गोष्ट रोममध्ये अजून सांगतात. कचेरीच्या दप्तरखान्यातील उंदीर मारण्यासाठी मांजरे पाळलेली होती आणि त्यांच्या वजडीचा खर्च अंदाजपत्रकात दरवर्षी पडत असे. नाथनांनी तो आकडा खोडला. उंदीर मिळाले तर मांजरांनी ते खावेत, आणि उंदीर नसतील तर मांजरे कशाला हवीत, असा त्यांचा हिशेब! मांजरांना वजडी नाही, ही रोमकरांची म्हण या प्रसंगावरून पडली म्हणतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, माणूस तिच्यात नेमका उतरला आहे.

मात्र वाचवलेला पैसा त्यांनी तिजोरीत ठेवला नाही. शहरातील ट्राम आणि विजेचे दिवे खाजगी कंपन्यांच्या हाती होते. दर त्या ठरवतील ते. नाथन आणि त्यांचे सहकारी अर्थशास्त्रज्ञ जोव्हान्नी माँतेमार्तीनी यांनी हे धंदे नगरपालिकेने चालवावेत असे ठरवले व १९०९ साली २० सप्टेंबरलाच त्यावर नागरिकांचे मत घेतले. प्रचंड बहुमताने कौल मिळाला. १९१२ साली ओस्तिएन्से रस्त्यावर नगरपालिकेचे वीजघर सुरू झाले. माँतेमार्तीनी पुढल्याच वर्षी वारले. वीजघराला त्यांचे नाव दिले.

पण मला सर्वांत मोठे वाटते ते शाळांचे काम. नाथनांच्या कारकीर्दीत सुमारे दीडशे बालवाड्या निघाल्या. (ज्या माँटेसोरीबाईंची पद्धत ताराबाई मोडकांनी आपल्याकडे रुजवली, त्यांचे पहिले बालगृहही १९०७ सालीच रोमच्या सान लोरेन्सो वस्तीत उघडले होते.) शहराबाहेरच्या माळरानावर डोंगरातून उतरलेले मजूर गवताच्या झोपड्यांत राहात आणि हिवतापाने मरत. डॉक्टर आंजेलो चेल्ली व कवी जोव्हान्नी चेना यांनी तेथे शाळा सुरू केल्या होत्या. नगरपालिकेने त्यांना हात दिला. आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वेळचा मताधिकार मुख्यतः लिहितावाचता येणाऱ्या किंवा कर भरणाऱ्या पुरुषांपुरता होता. म्हणजे ज्यांच्या पोरांच्या हाती पाटी दिली, त्या मजुरांचे एकही मत नाथनांना मिळणार नव्हते. घराण्यात पहिल्यांदाच पाटी धरणे म्हणजे काय, हे ज्याने धरली त्यालाच कळते.

ते चुकलेच नाहीत असे नाही. १९१० साली पोर्ता पियाच्या स्मृतिदिनी त्यांनी पोपच्या धर्मसत्तेवर इतकी कडक टीका केली की, दहावे पायस यांनी जाहीर निषेध केला आणि सरकारचीही पंचाईत झाली. महापौर हा सर्व नागरिकांचा असतो. श्रद्धाळू माणसेही त्याचीच. तेथे संयम हवा होता असे मला वाटते.

१९११ च्या लिबिया युद्धाने आघाडीत फूट पडली. १९१३ च्या डिसेंबरात नाथनांनी पद सोडले. याच सुमारास निरक्षर पुरुषांनाही मताधिकार मिळाला होता. पण १९१४ च्या निवडणुकीत त्यांचा गट हरला आणि प्रोस्पेरो कोलोन्ना हे सरदार पुन्हा महापौर झाले. पहिल्या महायुद्धात सत्तरीचे नाथन स्वयंसेवक म्हणून सैन्यात दाखल झाले. ९ एप्रिल १९२१ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे मुसोलिनीच्या राजवटीने १९२५ साली रोमचे महापौरपदच रद्द करून सरकारने नेमलेला गव्हर्नर बसवला. शहराला पुन्हा महापौर मिळाला तो १९४४ साली, जर्मनांच्या ताब्यातून सुटल्यावर. आणि तो होता फिलिप्पो दोरिया पाम्फीली, एका जुन्या सरदार घराण्यातला, पण मुसोलिनीपुढे न वाकलेला.