रक्तपेढीचा शिल्पकार : डॉ. चार्ल्स ड्रू

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी प्रथमच रक्तदान केले. पिशवीतले रक्त यंत्रात फिरवून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे करतात, आणि एकाचे रक्त तिघांच्या उपयोगी पडते, हे रक्तपेढीच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला मोठे नवल वाटले. घरी आजीने मात्र, आपले रक्त कोणाकोणाच्या अंगात जाणार, असे विचारले. मला उत्तर सुचले नाही. पुढे ग्रंथालयात डॉ. चार्ल्स ड्रू यांचे चरित्र हाती आले.

ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील गालिचे बसविण्याचे काम करीत. खेळातील नैपुण्यामुळे शिष्यवृत्ती मिळून ड्रू ॲमहर्स्ट कॉलेजात गेले व १९२६ साली पदवीधर झाले. डॉक्टर व्हायचे होते, पण गाठीला पैसा नव्हता. म्हणून दोन वर्षे बाल्टिमोरच्या एका कॉलेजात खेळाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी नोकरी केली. अखेर १९३३ साली कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी मिळविली.

त्या काळी साठवलेले रक्त थोड्याच दिवसांत निकामी होई. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ड्रू यांनी याच प्रश्नाचा ध्यास घेतला. रक्त स्थिर ठेवले किंवा यंत्रात वेगाने फिरविले की जड पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा उरतो. तो पुष्कळ अधिक काळ टिकतो. १९४० साली रक्तसाठवणीवरील प्रबंधासाठी त्यांना विद्यापीठाने डॉक्टरेट दिली.

तोवर महायुद्ध पेटले होते. जखमी ब्रिटनसाठी न्यूयॉर्कमध्ये प्लाझ्मा गोळा करण्याच्या मोहिमेची वैद्यकीय सूत्रे ड्रू यांच्याकडे आली. निरनिराळ्या रुग्णालयांच्या निरनिराळ्या पद्धती मोडून त्यांनी सर्वांना एकच पद्धत व निर्जंतुकतेची एकच कसोटी लावून दिली. सुमारे १४,५०० रक्तदात्यांच्या रक्तातून ५,००० लिटरांहून अधिक प्लाझ्मा साठला. आज स्वयंचलित यंत्रे जे काम करतात, त्याची शिस्त अशा माणसांनी हातांनी घालून दिली आहे.

आणि दैवदुर्विलास पाहा! १९४१ साली ड्रू यांनी रेडक्रॉसच्या रक्तपेढीचा पाया घातला. त्याच संस्थेने आरंभी कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारले. १९४२ पासून ते स्वीकारले, पण वेगळे ठेवून! ज्याने रक्त साठवायला शिकविले, त्याचेच रक्त वेगळ्या कप्प्यात! या भेदाला शास्त्राचा कसलाही आधार नाही, हे ड्रू यांनी जाहीरपणे सांगितले. ते स्वतः तत्पूर्वीच हॉवर्ड विद्यापीठात परतले होते. तेथे त्यांनी कृष्णवर्णीय शल्यविशारदांची एक पिढीच घडविली.

१ एप्रिल १९५० रोजी नॉर्थ कॅरोलिनात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४५. गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त नाकारल्यामुळे ते गेले, ही दंतकथा खरी नाही. तेथील डॉक्टरांनी त्यांना वाचविण्याची शिकस्त केली होती. त्याच वर्षी रेडक्रॉसने रक्तावरील वर्णाची नोंद बंद केली.

आजीला मी ही सारी हकिगत सांगितली. ती काही बोलली नाही. पण यंदा शिबिराच्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी रक्त द्यायला जाऊ नकोस, म्हणून तिनेच माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.