महाराजांचे दिवाळे

श्रीतुकाराम महाराज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वीणा, टाळ आणि भंडाऱ्याचा डोंगर येतो. पण महाराजांचे पहिले आयुष्य तराजूपुढे आणि वहीखात्यापुढे गेले, हे आपण विसरतो. माउली, ज्याच्या दारात आज सावकार उभा आहे त्याने तर महाराजांच्या चरित्रातला हा भाग अवश्य ध्यानात धरावा.

महाराजांचा जन्म देहूस झाला. १६०८ हे साल बहुतेक अभ्यासक धरतात. घर खाऊनपिऊन सुखी. वाण्याचा व्यापार, गावची महाजनकी, थोडी सावकारीही होती. विश्वंभरबाबांपासून विठ्ठलाची सेवा घरात चालत आलेली. वडील बोल्होबा थकले. थोरले बंधू सावजी विरक्त, त्यांनी संसारात लक्ष घातले नाही. म्हणून कोवळ्या वयातच दुकान महाराजांच्या गळ्यात पडले. पुढे आईवडील गेले, भावजय गेली, आणि सावजीही घर सोडून तीर्थाटनास निघून गेले.

अशात १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. धान्य मिळेना, गुरे मेली, गावे ओस पडली. उधारी वसूल होईना. ज्यांनी द्यायचे तेच उपाशी, मग आणायचे कुठून? महाराजांचे दिवाळे निघाले. दिवाळे निघालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, त्यावरूनच हा शब्द आला, असे जुने लोक सांगतात. चारचौघांत पत गेल्याची ती खूण. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या. लहानगा संतू गेला. त्या दिवसांत आपल्याला लोकांची लाज वाटली, हे महाराजांनी पुढे आपल्या अभंगात उघडपणे सांगितले आहे. झाकून ठेवले नाही.

महिपतीबुवांनी आणखी एक प्रसंग दिला आहे. धाकट्या पत्नी जिजाई या पुण्याच्या गुळव्यांची लेक. त्यांनी स्वतःच्या नावावर २०० रुपये कर्ज काढून पतीस पुन्हा भांडवल दिले. महाराजांनी माल घेतला, बालेघाटाकडे विकला, २५० केले. परत येताना वाटेत पैशांपायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला, त्याला सगळी रक्कम देऊन टाकली! जिजाईंचा संताप आपण कीर्तनात हसण्यावारी नेतो. पण बरं का, त्या कर्जाचा कागद जिजाईंच्या नावाचा होता. घरात चूल पेटवायची तीही त्यांनीच.

पुढे महाराज भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधीत आले. तेव्हा इंद्रायणीच्या काठी महाराजांनी घरातली सारी खते आणवली. लोकांकडून येणे असलेल्या पैशांचे हे कागद होते. महाराजांनी त्यांचे दोन भाग केले. कान्होबांचा संसार होता, म्हणून अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला. आपला अर्धा वाटा डोहात सोडला. त्या क्षणी गावातली किती कुळे कर्जातून सुटली असतील! दुष्काळाने ती आधीच मोडलेली होती.

आज कर्जाखाली दबलेल्या माणसाला कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करता येतो. देणे किती, येणे किती, मालमत्ता कोणती, हे सारे त्यात खरेखरे लिहावे लागते. त्या काळी असे कोर्ट नव्हते. पण महाराजांनी नदीकाठी केलेली वाटणी पाहा, किती चोख! बुडवले ते आपले येणे, दुसऱ्याचे देणे नव्हे. भावाच्या हक्काच्या कागदाला हात लावला नाही. वैराग्याच्या नावाखाली लोकांचे पैसे बुडवणाऱ्याने महाराजांचे नाव पुढे करू नये, ते एवढ्याचसाठी. आणि ज्याचे हात खरोखर रिकामे आहेत, त्याने लाजेने जीव टाकू नये, रात्रीतून गाव सोडू नये. चार माणसांपुढे आपला हिशेब मांडावा.

पत गेलेल्या या वाण्याने नंतर पडके विठ्ठलमंदिर उभे केले आणि एकादशीस कीर्तनाला उभा राहिला. याच इंद्रायणीत पुढे अभंगांच्या वह्या बुडवण्याची वेळ आली. वह्या तेराव्या दिवशी वर आल्या, असे आपली परंपरा सांगते. कर्जाची खते मात्र कधीच वर आली नाहीत. बीजेला देहूस जाल तेव्हा डोहाकडे पाहताना याचीही आठवण ठेवा.