सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि तबल्याची शाई

त्रिचनापल्लीस १८८८ सालीं जन्मलेले रामन १९१० सालीं सरकारी हिशेबखात्याचे अधिकारी म्हणून आपल्या नागपुरांत होते. फावल्या वेळीं नादाचा अभ्यास करणाऱ्या ह्या गृहस्थांनीं १९१७ मध्यें ती मोठ्या पगाराची नोकरी सोडून कलकत्त्यास अध्यापकी पत्करिली. साध्या ढोलाच्या कातड्याचे कंप परस्परांशीं जुळत नाहींत. म्हणून नुसता आवाज उठतो. शाईच्या भारानें मात्र ते दुप्पट, तिप्पट अशा प्रमाणांत येतात व कातडें गाऊं लागतें, असें त्यांनीं सहकाऱ्यासह १९२० सालीं दाखविलें. आपल्या जुन्या कारागिरांनीं हें केवळ कानानें साधिलें होतें! पुढें प्रकाशावरील शोधाबद्दल १९३० चें नोबेल पारितोषिक मिळाल्यावरही रामन वाद्यांकडे परतले. कातड्यावर बारीक वाळू भुरभुरून ते थाप देवीत. न हालणाऱ्या रेघांवर वाळू जमे आणि नाद डोळ्यांस दिसे. १९७० सालीं बंगळूर येथें ते निवर्तले.