मित्राच्या नावाचं पुस्तक : बुद्धिबळपटू राजदूत फॉन डेर लाझा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आपल्या संपादक मंडळाचा आग्रह झाला. सोसायटीचा इतिहास, पाण्याच्या टाकीची हकीकत, लिफ्टचा खर्च हे सगळं लिहिणारे जाणकार आपल्यात पुष्कळ आहेत. मी टपाल खात्यातून निवृत्त झालेला आणि बुद्धिबळाचं वेड असलेला माणूस. सांगलीच्या एका मित्राबरोबर मी वर्षानुवर्षं पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळलो. पंधरा पैशांचं कार्ड, त्यावर एक चाल, उत्तर यायला आठवडा. एक डाव दीड वर्ष चालायचा! त्या नादात जुन्या खेळाडूंची चरित्रं वाचत गेलो. त्यातलं एक मनात घर करून बसलं, तेच इथे सांगतो.

त्यांचं पूर्ण नाव टासिलो फॉन हायडेब्रांट उंड डेर लाझा. नाव लांबलचक आहे, आपण नुसतं लाझा म्हणू. जन्म १७ ऑक्टोबर १८१८, बर्लिनचा. तेव्हा जर्मनी हा एक देश झालेला नव्हता, बर्लिन ही प्रशिया राज्याची राजधानी होती. लाझा सरदार घराण्यातले. बॉन आणि बर्लिन इथे कायद्याचं शिक्षण घेतलं आणि १८४५ पासून प्रशियाच्या परराष्ट्र सेवेत नोकरी केली. व्हिएन्ना, स्टॉकहोम, कोपनहेगन, ब्रुसेल्स आणि थेट ब्राझीलमधलं रिओ द जानेरो. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला यातला त्रास सांगायला नको. बिऱ्हाड बांधायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. पण या माणसाने प्रत्येक गावी पट मांडला आणि प्रत्येक गावाहून पत्रं लिहिली.

त्याआधी बर्लिनमधल्या तरुणपणाबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. १८३०च्या दशकाच्या अखेरीस तिथे सात बुद्धिबळपटूंचा एक कंपू जमला होता. लोक त्यांना आकाशातल्या कृत्तिकांचं नाव देत. त्यांचे म्होरके लुडविग ब्लेडो हे गणिताचे शिक्षक. हॉर्विट्झ आणि शॉर्न हे दोघे चित्रकार. हानश्टाइन आणि मायेट हे दोघे, सैन्यातला तरुण लेफ्टनंट पाउल रुडोल्फ फॉन बिल्गुअर आणि सगळ्यांत लहान आपले लाझा. हे नुसते खेळत नसत. कुठल्या सुरुवातीला कुठलं उत्तर द्यावं, ते का द्यावं, याची पद्धतशीर तपासणी करत. आपल्याकडे भजनी मंडळात जसं एकमेकांचं पाठांतर तपासतात ना, तसंच काहीसं.

यातला बिल्गुअर विलक्षण होता. प्रकृती साथ देईना म्हणून त्याने फौज सोडली आणि सगळं लक्ष बुद्धिबळाकडे लावलं. १८४०च्या मार्चमध्ये तो एकाच वेळी तीन डाव खेळला, त्यांतले दोन पटाकडे न बघता. त्याने एक मोठं काम हाती घेतलं होतं. बुद्धिबळाच्या सगळ्या ज्ञात सुरुवातींचं एक संपूर्ण पुस्तक करायचं. पण १६ सप्टेंबर १८४० रोजी तो गेला. पंचविसावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. पुस्तक अर्धवटच राहिलं.

आता इथे काय झालं ते बघा. हस्तलिखित आलं लाझांकडे. ते तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे. पुढे नोकरी, नाव, प्रतिष्ठा सगळं मिळवायचं होतं. त्यांनी मित्राचं काम पुढे नेलं, राहिलेले भाग लिहिले, चाली तपासल्या, कोष्टकं पूर्ण केली आणि १८४३ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यावर लेखक म्हणून नाव दिलं बिल्गुअरचं.

एकदा असं करणं सोपं आहे. मित्र नुकताच गेलेला असतो, मन हळवं झालेलं असतं. पण या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या १८५२, १८५८, १८६४ आणि १८७४ मध्ये निघाल्या, आणि त्याही लाझांनीच सुधारून वाढवल्या. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ. राजदूत झाले तरी हे काम त्यांनी सोडलं नाही. जगात नवे डाव खेळले जात, नव्या कल्पना निघत, ते सगळं पुस्तकात घालत राहिले आणि नाव मात्र बिल्गुअरचंच राहिलं. जर्मन खेळाडू त्या ग्रंथाला पुस्तकाच्या नावाने नाही, तर नुसतं 'बिल्गुअर' म्हणत. पंचविशी न गाठलेला मुलगा पुढची कित्येक दशकं रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी राहिला, तो लाझांमुळे. त्यांच्यानंतर इतर संपादक आले आणि विसाव्या शतकात श्लेख्टर यांनी आठवी आवृत्ती काढली. तिलाही लोक बिल्गुअरच म्हणाले.

तुम्ही म्हणाल, मग लाझा स्वतः कसे खेळायचे? उत्तम! युरोपातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंत त्यांची गणना व्हायची. व्हिएन्नात लोव्हेंथाल यांच्याशी डाव झाले. १८५३ साली ब्रुसेल्सला इंग्लंडचे नामांकित हॉवर्ड स्टाँटन यांच्याशी तेरा डाव झाले. लाझांनी पाच जिंकले, स्टाँटन यांनी चार, बाकीचे चार बरोबरीत. आपण आज ज्या घडणीची मोहरी वापरतो तिला स्टाँटन हेच नाव आहे, तेच हे गृहस्थ. ज्या अँडरसनने १८५१ची लंडनची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, त्यालाही लाझांनी डाव हरवले होते. पण स्वतः लाझा एकाही मोठ्या स्पर्धेत उतरले नाहीत. त्यामुळे विजेत्यांच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही.

गंमत म्हणजे त्या स्पर्धेच्या कल्पनेमागेही एक पत्र आहे. देशोदेशीचे खेळाडू एका गावी जमवावेत, असं ब्लेडोंनी १८४३ मध्ये लाझांना लिहिलं होतं. गाव सुचवलं होतं ट्रिअर. ब्लेडो १८४६ साली वारले. १८५० मध्ये लाझांनी तीच कल्पना जाहीरपणे मांडली. पुढच्या वर्षी स्पर्धा झाली, ट्रिअरऐवजी लंडनला. दुसऱ्या एका दिवंगत मित्राचा शब्द त्यांनी असा पुढे नेला.

आणखी एक काम आपल्या सोसायटीला जवळचं वाटेल, ते म्हणजे नियमांचं. त्या काळी प्रत्येक देशात बुद्धिबळाचे नियम थोडे थोडे वेगळे. इटलीत राजा आणि हत्ती यांची किल्लेबंदी वेगळ्या रीतीने व्हायची, प्याद्याला जाता जाता मारण्याची चाल तिथे मान्य नव्हती. आपल्याकडेही जुन्या पद्धतीत राजाला एकदा घोड्याची अडीच घरं मिळायची आणि प्यादं ज्या घरी पोचेल त्या घरचं मोहरं व्हायचं. आमच्या लहानपणी यावरून काय भांडणं व्हायची! तर लाझा, स्टाँटन आणि सेंट पीटर्सबर्गचे येनिश हे तिघे तीन देशांचे. सगळीकडे एकच नियमावली असावी म्हणून त्यांनी खटपट केली. ज्यांनी आपले उपविधी मंजूर करताना सर्वसाधारण सभेत रात्री अकरापर्यंत बसून काढलं आहे, त्यांना या कामाचं मोल मी वेगळं सांगायला नको.

नोकरी संपल्यावर लाझांनी पुस्तकांकडे मोर्चा वळवला. १८८७-८८ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, जगप्रवासाला निघाले. त्यांनी बुद्धिबळाची दोन हजारांहून अधिक पुस्तकं आणि हस्तलिखितं जमवली. १८९७ मध्ये, एकोणऐंशीच्या आसपास, बुद्धिबळाचा इतिहास आणि साहित्य यांवर स्वतःचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास हॅरल्ड मरे या इंग्लंडमधल्या तरुण शिक्षकाला बुद्धिबळाच्या इतिहासाचं संशोधन करायला त्यांनी उत्तेजन दिलं. मरे त्या कामासाठी अरबी शिकले. १९१३ साली त्यांचा जवळजवळ नऊशे पानांचा इतिहास निघाला. बुद्धिबळाचा उगम भारतात, आपल्या चतुरंगात आहे, हे त्यांनी साधार मांडलं. आज कुणी बुद्धिबळ भारतातलं असं छातीठोकपणे सांगतो, तेव्हा त्यामागे या ग्रंथाचा फार मोठा आधार असतो. तो ग्रंथ बघायला लाझा नव्हते. २७ जुलै १८९९ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते गेले.

त्यांच्या संग्रहाचा बराचसा भाग आज पोलंडमध्ये, पोझनानजवळच्या कुर्निक इथल्या वाड्यातल्या ग्रंथालयात आहे. दोन महायुद्धं झाली, सरहद्दी बदलल्या, ज्या राज्याचे ते राजदूत होते ते राज्यच नकाशावरून गेलं. पुस्तकं राहिली.

मला विचाराल तर लाझांची सर्वांत मोठी चाल स्टाँटनविरुद्धची नाही. पुस्तकावर दुसऱ्याचं नाव घातलं आणि ते तीस वर्षं तसंच ठेवलं, ती. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांतही अशी माणसं होऊन गेली. कुणी जमिनीच्या कागदपत्रांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, कुणी हिशेब लिहिले, कुणी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घातलं. त्यांतले काही आज आपल्यात नाहीत. कार्यालयातल्या फलकावर पदाधिकाऱ्यांची नावं आहेत, यांची बहुतेकांची नाहीत. या स्मरणिकेत ती छापून यावीत, अशी संपादक मंडळाला विनंती करतो. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.