सार्वजनिक काकांची खादी

खादी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गांधीजी आणि त्यांचा चरखा येतो. पण मित्रांनो, गांधीजी अवघे सात वर्षांचे होते तेव्हाच पुण्याचा एक वकील जाडीभरडी खादी घालून थेट दिल्ली दरबारात जाऊन बसला होता! हे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच आपले सार्वजनिक काका.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्याचा. पुढे ते पुण्यात वकिली करू लागले. १८७० मध्ये त्यांनी पुणे सार्वजनिक सभा काढली आणि हेच नाव त्यांना कायमचं चिकटलं. सभेचा सभासद व्हायचं तर निदान ५० लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. लोकांच्या वतीने बोलायचं तर आधी लोकांची संमती हवी, असा साधा हिशोब.

त्या काळी आपला कापूस बोटीने इंग्लंडला जायचा आणि मँचेस्टरच्या गिरण्यांमधून कापड होऊन परत यायचा. ते कापड तलम आणि स्वस्त. त्यापुढे आपल्या विणकरांचे हातमाग बंद पडत चालले होते. न्यायमूर्ती रानडे पुण्यात यावर व्याख्यानं देत होते. काकांनी १८७२ मध्ये सरळ शपथच घेतली : स्वतः सूत कातायचं आणि खादीच वापरायची. ती त्यांनी मरेपर्यंत पाळली. देशी मालाच्या विक्रीसाठी दुकानं काढायलाही ते झटले.

१ जानेवारी १८७७. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला. इकडे दख्खनमध्ये भीषण दुष्काळ, आणि तिकडे हत्ती, तोफा आणि हिरेमाणकांनी लखलखणारे संस्थानिक. त्या झगमगाटात सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले ते पांढऱ्याशुभ्र खादीत. हिंदी लोकांना ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय आणि सामाजिक दर्जा द्या, ही मागणी त्यांनी तिथे मांडली. नुसता पोशाख करून ते थांबले नाहीत, हे महत्त्वाचं.

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. बंडखोराचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारची नजर ओढवून घेणं. पण काका त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी ते गेले.

नंतर १९०५ साली स्वदेशीची चळवळ उभी राहिली, पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली, आणि गांधीजींच्या काळात तर खादी साऱ्या देशाची ओळख बनली. तेव्हा खादी घालणाऱ्याच्या पाठीशी हजारो लोक होते. काकांच्या वेळी ना चळवळ होती, ना टाळ्या. आपण काय घालतो याच्याशी आपल्या विणकराचं पोट आणि देशाचा मान बांधलेला आहे, हे त्यांना पटलं आणि ते तसे वागले. पटलेली गोष्ट एकट्याने सुरू करायला जी हिंमत लागते, ती काकांकडून घेण्यासारखी आहे.