दादा कोंडके

कृष्णा कोंडके ऊर्फ दादा कोंडके (८ ऑगस्ट १९३२ – १४ मार्च १९९८) हे मराठी लोकनाट्यातील व चित्रपटांतील विनोदी अभिनेते, निर्माते, दिग्दर्शक आणि गीतकार होते. द्वयर्थी संवादांचे चित्रपट ही त्यांची सर्वश्रुत ओळख आहे. त्यांची घडण मात्र रंगमंचावरचा हजरजबाबी सोंगाड्या म्हणून झाली होती.

प्रारंभिक जीवन

कोंडके यांचा जन्म मुंबईतील नायगाव येथे गिरणी कामगाराच्या कुटुंबात झाला. हे कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील भोरजवळच्या इंगवलीचे. गावाकडची बोली आणि गिरणगावातील चाळीची भाषा अशा दोन्ही भाषा त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडल्या. तरुणपणी त्यांनी 'अपना बाजार'मध्ये तुटपुंज्या पगारावर नोकरी केली आणि बँडपथकात वादनही केले. जवळच्या अनेक नातलगांच्या पाठोपाठच्या मृत्यूंमुळे ते काही काळ खचले होते. पुढे राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक उपक्रमांतून ते रंगमंचाकडे वळले. त्यानंतर त्यांनी स्वतःचे कलापथक उभारले व 'खणखणपूरचा राजा' हे लोकनाट्य सादर केले.

लोकनाट्य

तमाशातील वगात पूर्वी कथेचा केवळ सांगाडा ठरलेला असे आणि संवाद नट उभ्या उभ्या रचत. त्यातही सोंगाड्याला विशेष मोकळीक होती. राजापासून प्रेक्षकांतल्या पाटलापर्यंत कोणाचीही खिल्ली तो उडवू शकत असे. वसंत सबनीस यांनी 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात (१९६५) ही परंपरा लिखित संहितेत आणली. त्यातील हवालदाराची भूमिका कोंडके यांनी केली आणि संहितेच्या चौकटीत राहूनही सोंगाड्याची जुनी मोकळीक परत मिळवली. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बातमी, प्रयोगाच्या गावातील एखादा प्रसंग, समोर बसलेला पुढारी, प्रेक्षकांतून आलेली शेरेबाजी असे काहीही ते संवादात गुंफत. सत्ताधारी काँग्रेसवरील टोमणे हा तर या प्रयोगांचा ठरलेला भाग होता. त्यामुळे एकच खेळ पुन्हा पाहायला येणारा प्रेक्षक निर्माण झाला. महाराष्ट्रभर या वगनाट्याचे हजारावर प्रयोग झाले. सबनीसांची संहिता पुस्तकरूपाने उपलब्ध आहे, परंतु कोंडके यांनी रोज घातलेली भर त्या त्या रात्रीबरोबरच विरली. त्यांच्या कारकिर्दीतील बहुधा सर्वोत्तम असा हा भाग आज अभ्यासकाच्या हाती जवळजवळ लागत नाही.

चित्रपट

'विच्छा'चा प्रयोग पाहून आशा भोसले यांनी त्यांचे नाव भालजी पेंढारकर यांना सुचवले, असे सांगितले जाते. पेंढारकरांच्या 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटातून कोंडके यांनी पदार्पण केले. दोन वर्षांनी त्यांनी स्वतः 'सोंगाड्या' (१९७१) निर्माण केला. त्याची कथा सबनीसांची व दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे होते. मुंबईत दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लागण्याऐवजी देव आनंद यांच्या 'तेरे मेरे सपने'ला प्राधान्य मिळाले, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसेनेने हस्तक्षेप केला आणि चित्रपट प्रदर्शित झाला. येथून जडलेला शिवसेनेशी स्नेह त्यांनी अखेरपर्यंत जपला. निवडणूक सभांतील त्यांची भाषणे म्हणजे एका अर्थी बतावणीच असे.

'सोंगाड्या'मधील भोळा नाम्या हा पुढील सर्व भूमिकांचा साचा ठरला. ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबणारी नाडी, कावरीबावरी नजर आणि आईच्या धाकातला मुलगा ही त्याची लक्षणे होती. रत्नमाला यांनी साकारलेली आई आणि उषा चव्हाण यांची नायिका ही त्यांच्या चित्रपटांतील नेहमीची साथ होती. 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५), 'तुमचं आमचं जमलं' (१९७६), 'राम राम गंगाराम' (१९७७) असे एकामागून एक चित्रपट गाजले. नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केल्याची नोंद गिनीज बुकात झाली. कोंडके यांच्यासाठी पार्श्वगायन बहुतेक वेळा महेंद्र कपूर यांनी केले. 'पांडू हवालदार'चे दिग्दर्शन स्वतः कोंडके यांनी केले. अशोक सराफ यांना या चित्रपटाने मोठी लोकप्रियता दिली, तर सुरेंद्र व विजय पाटील या संगीतकारांना कोंडके यांनी 'राम-लक्ष्मण' हे नाव दिले. जोडीदाराच्या निधनानंतरही विजय पाटील हेच नाव वापरत राहिले आणि 'मैंने प्यार किया'मुळे ते देशभर पोहोचले.

समीक्षा

संवाद वरकरणी निरुपद्रवी आणि दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या मनात, अशी रचना असल्यामुळे नेमके काय कापावे हा सेन्सॉर मंडळापुढचा नेहमीचा पेच होता. पांढरपेशा समीक्षकांनी त्यांना अश्लीलतेचा शिक्का मारला. ग्रामीण व कामगार प्रेक्षकाने तो मानला नाही. सुरुवातीच्या चित्रपटांत कथेला आधार होता आणि विनोद प्रसंगातून फुलत असे, हे मात्र टीकाकारांनीही नोंदवायला हवे होते. उलटपक्षी १९८० नंतरच्या 'आली अंगावर', 'मुका घ्या मुका' इत्यादी चित्रपटांत कोटी आधी व प्रसंग नंतर, असा प्रकार वाढला. रंगमंचावर फसलेली कोटी दुसऱ्या दिवशी बदलता येई. पडद्यावर तीच कोटी गोठून राहिली. 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) यांसारख्या हिंदी चित्रपटांत तर बोलीचा आधारही सुटला.

अखेर

अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेले 'एकटा जीव' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. १४ मार्च १९९८ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. 'विच्छा माझी पुरी करा' पुढे अभिनेते विजय कदम यांनी रंगमंचावर पुन्हा आणले. त्या प्रयोगांतही हवालदार आपल्या काळातील पुढाऱ्यांना चिमटे काढीत असे.